चावडीच्या भिंतीवरचा कागद कुणासाठी असतो?

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, भोगावतीच्या काठावर. चावडीच्या दाराशेजारी एक काळा फळा आहे आणि त्याच्या खाली कागद डकवायची जागा. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, कागद फुगतो, शाई पसरते. सकाळी डेअरीला दूध घालून परतणारी माणसं तिथंच घटकाभर थांबून बोलतात, पण पाठ भिंतीकडं असते. तीन वर्षांपूर्वी त्याच भिंतीवर माझ्या आत्याच्या जमिनीचा कागद बारा दिवस लागलेला होता. आत्या आमच्याच गावात दिलेली. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्या कागदासमोरून किटली घेऊन जात होती.

आत्याचे यजमान आधीच वारलेले. मग सासरे गेले. दिरांनी वारस नोंदीचा अर्ज केला आणि त्यात स्वतःची व बहिणीची नावं घातली. आत्याचं आणि तिच्या मुलीचं नाव राहिलं की ठेवलं, त्यात मी शिरत नाही. हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलगी या दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत, हे मात्र पक्कं. बाराव्या दिवशी शेजारचा एक मुलगा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चावडीत गेला, ताटकळत उभा राहिला आणि वेळ घालवायला म्हणून भिंत वाचू लागला. घरी येऊन म्हणाला, "मावशी, तुमच्या सासऱ्यांचं नाव लागलंय बघा तिथं. समद्यांची नावं हाईत, तुमचं तेवढं न्हाई."

हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची. हातात तीन दिवस उरले होते.

त्या तीन दिवसांत मी जे शिकलो ते लिहून ठेवतो आहे. जाहीर नोटीस म्हणजे सरकारी भाषेतला कोरडा कागद असं आपण समजतो आणि ज्याचं काम असेल त्यानं वाचावं म्हणून सोडून देतो. पण ज्याचं नाव आणि पत्ता कार्यालयाला माहीत आहे, त्याच्या घरी नोटीस जाते. भिंतीवरचा कागद असतो तो ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी. आत्याला घरी नोटीस येणार कशी? अर्जातच तिचं नाव नव्हतं. तिच्यापर्यंत पोचायला कायद्यानं एकच वाट ठेवली होती, ती म्हणजे ही ओल धरलेली भिंत.

फेरफार म्हणजे काय, ते आधी सांगतो. जमिनीवरचा हक्क खरेदीनं, वारसानं, बक्षीसपत्रानं, वाटणीनं बदलला की तो सातबाऱ्यावर थेट चढत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठ्यानं त्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि अभिलेखावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी कळवायचं. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात तोंडी अजून तलाठीच आहे.) मुदतीत कुणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी म्हणजे आपले सर्कल ती नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. हरकत आली, तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाते, दोन्ही बाजूंना बोलावतात, म्हणणं ऐकतात आणि मग निकाल होतो.

हरकतीला वकील लागतोच असं नाही. आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला. फेरफार क्रमांक, गट नंबर, मयताचं नाव, आपलं नातं आणि हरकतीचं कारण. सोबत यजमानांचा मृत्यू दाखला, रेशन कार्डाची प्रत, मुलीचा जन्म दाखला. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. ही पोहोच फार मोलाची. तोंडी सांगून आलेल्या हरकतीला कागदावर अस्तित्व नसतं. "मी सायबांना सांगितलं होतं" या वाक्यावर आमच्याकडं कितीतरी बांध गेलेत.

हरकतीची मुदत हुकली तरी सगळं संपत नाही. प्रमाणित नोंदीवर साठ दिवसांत प्रांताकडं म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. सातबाऱ्यावरची नोंद हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही, उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात इतकंच. पण "उलट सिद्ध होईपर्यंत" या तीन शब्दांत कोर्टाच्या किती तारखा मावतात, ते ज्यानं खेटे घातलेत त्याला विचारा. पंधरा दिवसांतला एक अर्ज पुढची पंधरा वर्षं वाचवतो, असं मी म्हणतो ते आजूबाजूला बघूनच.

पुण्या-मुंबईला असणाऱ्यांसाठी आता 'आपली चावडी' नावाचा सरकारी डिजिटल फलक आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. नोंदीचा प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख आणि गट नंबर, सगळं असतं. महिन्यातून दोनदा आपल्या गावाचं पान उघडायची सवय लावली तर पंधरा दिवसांची मुदत हातातून निसटत नाही.

भिंतीच्या आधी दवंडी होती. हलगी वाजायची, माणसं दारात यायची आणि "ऐका हो ऐका" म्हणून हुकूम सांगितला जायचा. हे काम वतनाचा भाग म्हणून गावच्या महारांवर लादलेलं होतं. त्यासोबत सरकारी बोजा वाहणं, निरोप पोचवणं अशी वेठही असायची. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केलं आणि त्याच सुमारास कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले. गावची दवंडी आणि गावचं दप्तर, दोन्ही वंशपरंपरेच्या हातातून सोडवण्याची सुरुवात आपल्याकडं तेव्हा झाली. आता दवंडी द्यायला कोतवाल (नवं पदनाम महसूल सेवक) असतो, आणि बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीचा कर्णा.

दवंडीत एक मोठा गुण होता. ऐकायला अक्षर ओळख लागत नाही, आणि ती दारात येते. दोष असा की सांगून झालं की हवेत विरते. शेतात असलेल्याला ऐकू आली नाही तर पुन्हा वाचायला काही उरत नाही. म्हणून कायदा अनेक ठिकाणी दोन्ही मागतो. दवंडीही द्या, कागदही लावा.

आणि जाहीर कागदात किती बळ असतं, हे कोल्हापूरकरानं तरी विसरू नये. मागास वर्गांसाठी शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी करवीर म्हणजे कोल्हापूर सरकारच्या गॅझेटात छापून आला. आज राजपत्र म्हटलं की आपल्याला नाव बदलायचा अर्ज तेवढा आठवतो.

वर्तमानपत्रातली 'जाहीर नोटीस' हा वेगळा प्रकार आहे आणि लोक सर्वात जास्त घाबरतात ते तिला. आतल्या पानावर बारीक टायपात वकील लिहितात की अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी घेत आहेत, सदर मिळकतीवर कुणाचा गहाण, दान, लीज, वारसा, पोटगी, कब्जा वा अन्य कोणताही हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत लेखी पुराव्यानिशी कळवावे, अन्यथा असा हक्क सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. ही नोटीस सरकारची नव्हे. विकत घेणाऱ्याच्या वकिलानं खबरदारी म्हणून दिलेली असते, पुढं भांडण झालं तर "आम्ही चौकशी करूनच घेतलं" असं दाखवता यावं यासाठी. शेवटचं 'अन्यथा' वाचून कित्येकांच्या पोटात गोळा येतो. खाजगी वकिलाच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही एवढ्यानं वारसाचा हक्क संपत नाही. मात्र गप्प बसणंही शहाणपणाचं नाही. मुदतीत स्पीड पोस्टानं चार ओळींची हरकत गेली की घेणारा सावध होतो, कारण त्यानंतर "आम्हाला ठाऊकच नव्हतं" असं त्याला म्हणता येत नाही. अशा नोटिशीत आधी गट नंबर आणि चतुःसीमा बघायची. चतुःसीमा म्हणजे पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस नि उत्तरेस काय. नावं सारखी असतात, पण चारही बाजूंचे शेजारी सारखे नसतात. 'निर्वेध' म्हणजे कुणाचा अडथळा नसलेली, 'बोजा' म्हणजे त्या मिळकतीवर चढलेलं कर्ज, 'कब्जेदार' म्हणजे प्रत्यक्ष धरून असलेला. एवढे शब्द कळले तरी अर्धी नोटीस कळते.

कोर्टाची नोटीस मात्र वेगळी, आणि तिथं भीती खरी आहे. समन्स घेऊन बेलीफ आला की घरात दडून बसायचं, बायकांनी "ते गावाला गेल्यात" सांगायचं, अशी रीत आमच्याकडं बघितली आहे. ज्याच्या नावाचं समन्स आहे तो मुद्दाम चुकवतोय किंवा नेहमीच्या पद्धतीनं बजावणी होत नाही, अशी कोर्टाची खात्री झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० प्रमाणे कोर्ट ते समन्स कोर्टाच्या आवारात आणि घराच्या दारावर डकवायला सांगू शकतं, किंवा पेपरात छापायला सांगू शकतं. आणि तसं झालं की ती बजावणी हातात दिल्याइतकीच पक्की. नंतर हजर राहिलं नाही तर दावा एकतर्फी चालतो. दारावरचा कागद फाडून टाकला म्हणून तारीख पुढं जात नाही.

बँकेच्या 'ताबा नोटिशी'चंही तेच. कर्ज थकलं की सरफेसी कायद्यानुसार आधी साठ दिवसांची मागणी नोटीस येते, मग ताबा घेतल्याची नोटीस दोन पेपरांत छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला असावा लागतो. पेपरात नाव छापून आल्यावर माणूस खचतो, पण खरी वेळ होती ती त्या साठ दिवसांची. एक गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. पतसंस्थांची वसुली दुसऱ्या वाटेनं होते, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घेऊन. ती नोटीस आली तर पहिल्याच तारखेला जाऊन हप्त्यांचा हिशेब मागावा.

आता सभांच्या नोटिसा. आमच्या जिल्ह्यात एका घरात दूध संस्था, विकास सोसायटी, पाणी पुरवठा संस्था, पतसंस्था आणि साखर कारखाना अशा पाच-पाच ठिकाणचे सभासद असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात नोटिसांचा ढीग येतो, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सगळ्यांचा मजकूर एकच वाटतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद स्वीकारणे, नफा वाटणी मंजूर करणे, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे'. मी सांगतो, खालची 'टीप' आधी वाचा. तिथं लिहिलेलं असतं की कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही. (कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी.) म्हणजे दहाची वेळ असेल आणि तुम्ही अकराला गेलात, तर पंधरा-वीस माणसांनी सगळे विषय 'मंजूर, मंजूर' म्हणून उरकलेले असतात, आणि तेही नियमाला धरून. टिपेतच दुसरी ओळ असते, की प्रश्न विचारायचे असतील तर ते अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावेत. प्रश्न विचारणाऱ्याची सभेत अडवणूक होते ती बहुतेक वेळा याच ओळीच्या आधारे.

ग्रामसभेचंही थोडं तसंच. वर्षात किमान चार सभा व्हायला हव्यात, नोटीस सात दिवस आधी लागायला हवी, आणि कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते आणि तिची नोटीस वेगळी लागते. घरकुलाची यादी, गायरानाचा विषय, पाणीपट्टी, दारूचं दुकान, हे सगळं विषयपत्रिकेत एका ओळीत आलेलं असतं. एका ओळीच्या ठरावात किती ताकद असते, ते शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं दाखवलं. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही, मंगळसूत्र तोडणं नाही. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या आत्यानं ती बातमी दोनदा वाचून घेतली होती.

पुराच्या नोटिशीवर मात्र मला जरा थांबायचं आहे. तिथं मुदत दिवसांत नसते, तासांत असते.

जुलै लागला की रोज फोनवर एक मजकूर फिरतो. 'राजाराम बंधारा पाणी पातळी ३८ फूट ७ इंच. पाण्याखालील बंधारे अमुक. राधानगरी धरणाचे दरवाजा क्रमांक ३ व ६ खुले, विसर्ग अमुक क्युसेक. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' हे आकडे पाठ असणारी माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत, पण नव्या सुनांना, भाड्यानं राहणाऱ्यांना, बाहेरून आलेल्या कामगारांना ते कुणी उलगडून सांगत नाही.

राजाराम बंधारा कसबा बावड्याला पंचगंगेवर आहे. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे फूट म्हणजे तुमच्या अंगणातल्या पाण्याची उंची नव्हे, बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आकडा. त्याचा आपल्या गावाशी मेळ आपणच बसवायचा असतो. आमच्याकडं तिथं ४१ झाले की मारुतीच्या पाराची खालची पायरी ओली होते. पारावर रंगानं दोन्ही महापुरांच्या खुणा केल्यात, त्याशेजारी त्या वेळचा राजारामचा आकडा लिहून ठेवला आहे. असं प्रत्येक गल्लीत असावं. 'धोका पातळी' हे शब्द सगळ्या जिल्ह्याला एक असले तरी तुमच्या उंबऱ्याचा धोका ४० लाही येऊ शकतो आणि ५० लाही येणार नाही.

पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी ही खरं तर रस्त्यांची यादी आहे. आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाणीही अडवतात आणि दोन गावांना जोडतातही. पावसाळ्याआधी त्यांचे बर्गे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या काढलेल्या असतात, त्यामुळं पाणी अडत नाही, पण नदी फुगली की वरचा रस्ता बुडतो. यादीत आपल्या बंधाऱ्याचं नाव आलं की पलीकडचा दवाखाना, शाळा, डेअरी तुटली असं समजायचं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. राधानगरीच्या एका दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतं, म्हणजे दर सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर एका सेकंदात ओतल्यासारखं. असे सात दरवाजे आहेत आणि ते स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. म्हणून 'दरवाजा उघडला' हा निरोप उघडल्यानंतरच येतो. दरवाजाची वाट बघत बसायचं नाही. धरण किती टक्के भरलं आणि पाणलोटात पाऊस कसा आहे, हे दोन आकडे आदल्या दिवशीच सांगत असतात. रात्री गोठ्यातली जनावरं हलवणं किती अवघड असतं, ते काठावरच्या माणसाला सांगायला नको.

याच दिवसांत खोटे निरोपही सुटतात. २०१९ नंतर 'धरण फुटलं' एवढ्या दोन शब्दांनी म्हाताऱ्या माणसांना धडकी भरते. खऱ्या नोटिशीला काही खुणा असतात. वर कार्यालयाचं नाव, 'जा.क्र.' म्हणजे जावक क्रमांक, तारीख, आणि पुराच्या बाबतीत वेळही. खाली पदनामासह सही. 'अधोस्वाक्षरीकार' म्हणजे खाली सही करणारा, तोच जबाबदार माणूस. वेळ नसलेला पुराचा निरोप पुढं पाठवू नका, तो कालचाही असू शकतो आणि मागच्या सालचाही. शंका आली तर १०७७ या क्रमांकावर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला विचारावं.

बाकी रोजचे निरोप आपले आपण पोचतात. पाणी उद्या येणार नाही, लाईट दुपारी जाणार, अमक्याचं रक्षाविसर्जन सकाळी साडेआठला. चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेली ही अक्षरं सगळं गाव वाचतं. कुणाच्या मातीला माणूस कमी पडत नाही. तशीच नजर दहा पावलं पुढच्या चावडीच्या भिंतीवर जावी, एवढंच मला वाटतं.

आत्याची नोंद तक्रारी नोंदवहीत गेली. सुनावण्या झाल्या, दिरांचेही दाखले तपासले गेले, आणि आठ-नऊ महिन्यांनी सातबाऱ्यावर तिचं आणि मुलीचं नाव लागलं. दीर अजून बोलत नाहीत. मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे.

तेव्हापासून दर मंगळवारी मी चावडीच्या भिंतीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतो. बाहेरगावी गेलेल्या लेकी, मुंबईतले गिरणीवाल्यांचे नातू, सैन्यातली पोरं त्यात आहेत. फोटोत कागदाचे चारही कोपरे यायला हवेत. खालचा शिक्का आणि मुदतीची ओळ नेहमी कापली जाते, आणि नेमकी तीच हवी असते. गेल्या महिन्यात आत्याच्या मुलीचाच फोन आला. "दादा, तिसऱ्या कागदाची खालची तारीख दिसत न्हाई. परत काढ की." पाऊस होता. छत्री घेऊन गेलो आणि परत काढला.